लिथियमचा रिपोर्ट १.९ आलाय? आधी वेळ आणि नळी विचारा

ताई, तुमच्या भावाच्या बायपोलरवरच्या गोळीचा, म्हणजे रक्तातल्या लिथियमचा, रिपोर्ट १.९ आलाय, पण हात थरथरत नाहीत, उलट्या नाहीत, चालणं-बोलणं नेहमीसारखं, आणि घरचे म्हणताहेत "अंगात विष भिनतंय, गोळ्या बंदच करा". हे वाचून राहवलं नाही. आमच्या दादाचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, बायपोलर (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) असलेल्या माणसाच्या घरची आहे, एवढं धरूनच पुढचं वाचा.

आजच सायकियाट्रिस्टना फोन करा. पुढची गोळी द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. दीडच्या वरचा आकडा खरा असेल तर तो धोक्याचाच. झोक जाणं, जीभ जड होणं, जुलाब, उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

फोनवर दोन गोष्टी मात्र नक्की काढा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलं होतं का? गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर आकडा चढलेलाच दिसतो. आणि नळी कोणती होती? हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. त्यात रक्त घेतलं की माणसातल्या लिथियमबरोबर नळीतलंही मोजलं जातं.

दादाचा आकडा असाच फुगला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, माणूस पाहिलाच नाही, आणि लिथियम एका फटक्यात बंद केलं. काही दिवसांतच त्याची झोप उडाली. पहाटे तीनला उठून नव्या धंद्याचे हिशेब मांडायचा. मग ॲडमिट करावं लागलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर त्याच लॅबमध्ये पुन्हा तसाच आकडा, तेव्हा सायकियाट्रिस्टनी त्याच दिवशी दुसरीकडे साध्या नळीत रक्त घ्यायला लावलं: ०.७. लॅबवाले "मशीन बरोबर आहे" यापलीकडे बोलायला तयार नव्हते. काउंटरवरून कलेक्शन सेंटर, तिथून हेड ऑफिस. नळी कोणती वापरली हे लेखी आजवर कुणी दिलेलं नाही. मला याचा अजून संताप येतो, कारण त्या एका नळीपायी त्याची नोकरी गेली.

"मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, दुसरी गोळी घेऊ" असं तुमचे मामा म्हणतात ना, ते बायपोलरमध्ये चालवून घेऊ नका. नुसतं अँटिडिप्रेसंट (उदासीवरची गोळी) दिलं तर काहींना ते थेट मॅनियात, म्हणजे मूड टोकाला चढण्यात, ढकलतं. लिथियम पेशीच्या आत काम करतं. जीएसके-३ नावाच्या एन्झाइमला ते आवर घालतं, आणि शरीराच्या घड्याळावरही त्याचा परिणाम होतो. म्हणून माझ्या मते घरच्यांनी मूडपेक्षा झोपेवर लक्ष ठेवावं. कमी झोपूनही माणूस ताजातवाना दिसायला लागला की डॉक्टरांना कळवायचं.

अजून एक, आकडा खराही असू शकतो. भावाने गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी घेतलीय का? निर्जळी उपवास? बीपीची नवी गोळी? कुणी मीठ बंद करायला सांगितलंय? या सगळ्यांनी किडनी लिथियम धरून ठेवू शकते (बीपीच्या मात्र काहीच गोळ्यांनी). दाताचे डॉक्टरही अशा दुखण्यावरच्या गोळ्या देतात, म्हणून त्यांनाही लिथियम चालू आहे हे सांगायचं, ते बहुतेक विचारत नाहीत. आणि नवं रक्त घेताना क्रिएटिनिन (किडनीसाठी) नि टीएसएचही (थायरॉइडसाठी) त्याच सुईत करून घ्या.