इंजिन उतरवण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

१९७५ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हाती आली आणि आठवड्यात तुझा बेत तयार: जुनं इंजिन बाहेर, छोटं जपानी आत, अ‍ॅव्हरेज वीस. हिशेब मांडू. वर्षाला तू ३००० किलोमीटर चालवणार. लिटरला १२चे २० झाले तर पेट्रोल वाचेल १०० लिटर. इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट नवा बनवून घ्यायलाच दोनेक वर्षांची बचत जाईल. हौस म्हणून कर, मी अडवणार नाही. काटकसर म्हणू नकोस, एवढंच.

पुण्यात असताना माझ्या काकांच्या स्टँडर्ड हेरल्डमध्ये मी ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन घातलं होतं. हेरल्ड मद्रासला बनायची. तुझी स्पिटफायर तिच्याच घराण्यातली. इंजिन छान बसलं, पण डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दातेरी संच, मी जुनंच ठेवलं. कात्रजच्या घाटात दुसऱ्याच्या वर गिअर पडेना. सतत पिळलेलं छोटं इंजिन मोठ्यापेक्षा जास्त प्यायलं. शिवाय तीन सिलिंडरची थरथर! इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कडक, त्यामुळे काकूंना मागच्या सीटवर बसवेना. काका वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

म्हणून गिअरिंगपासून सुरुवात कर. तुझ्या १५००चं डिफरन्शियल ३.६३चं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.६३ फेरे. १४९३ सीसीला ते शोभतं, हजार सीसीला जड जाईल. आधीच्या मार्क फोर स्पिटफायरचं ३.८९ चढाला बरं. आणि जुनंच इंजिन ठेवून ओव्हरड्राइव्हचा (वर जादा उंच गिअर देणारा) गिअर बॉक्स मिळवलास, तर मोटरवेवर इंजिनाचे फेरे साधारण वीस टक्के उतरतात. आवाज कमी, पेट्रोल कमी, चेसिसला कुठे कापाकाप नाही. मी असतो तर हेच केलं असतं.

तरीही बदलायचंच असेल, तर आडव्या इंजिनाच्या नादी लागू नकोस. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं इंजिन स्वस्त मिळतं, पण त्यामागे उभा, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारा, गिअर बॉक्स जोडताना अ‍ॅडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, स्टार्टर सगळंच नव्याने जुळवावं लागतं. सुझुकी सामुराईचं १.३ बघ, आपल्या जिप्सीचं भावंड. ते मुळातच उभं बसतं आणि चारही चाकांना जोर वाटणारी त्याची ट्रान्सफर केस वेगळी असते, त्यामुळे त्याचाच गिअर बॉक्स वापरता येतो. ॲल्युमिनियमचं असल्याने नाक हलकं होऊन वर उचलेल. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील. संपची (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची) जागा मात्र टेप लावून मोज, फोटोंवर विसंबू नकोस.

सिलिंडर चारच ठेव. इथे ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या गाडीला २०१८पासून एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, लागत नाही, पण मूळ रचनेत मोठा बदल केला तर ही सूट जाऊ शकते. सिलिंडरांची संख्या बदलली की तसा बदल झाल्याचं सहसा धरलं जातं. विम्यावाल्यांना आधीच कळव.

आणि तुझं इंजिन खरंच गेलंय का, हे तरी पाहिलंस? बॉनेट पुढे उलट, चाकावर बैस. कुणाला तरी क्लच दाबायला सांग आणि क्रँकची पुली बघ. ती दिसण्याइतकी पुढे सरकली तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. या इंजिनाचं ते जुनं दुखणं. वेळेत सापडलं तर संप काढून, इंजिन न उतरवता बदलता येतात.

पुली सरकते की नाही, ते कळव. शनिवारी येताना मायक्रोमीटर आणतो.

तुझा,
काका