थांबायचं कुठे ते शिक आधी

अरे पोरा,

परवा तू व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो टाकलास, सीएनसीवरनं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवरनं आलेल्या शाईपेनाच्या बारा बॅरलचा, म्हणजे नळ्यांचा, सगळ्या एकासारख्या एक, आणि खाली लिहिलंस की काका मग मी सहा महिने लेथपाशी उभं राहून काय करालोय. रिप्लाय दिला नाही मी. राग आला होता. तुझा नव्हे, हाच प्रश्न तुझ्या वयात मला पडला होता आणि तेव्हा मी ज्या तोऱ्यात उत्तर दिलं त्याचा.

एक वाद आधीच मिटवून टाकू. अचूकपणात मशीन जिंकतं. एक शतांश मिमी धर म्हटलं की दिवसभर धरून बसतं, तुला-मला ते जमायचं नाही आणि जो जमतं म्हणतो तो थापा मारालाय. पण मशीन सांगशील तिथं थांबतं. तुला माल सांगेल तिथं थांबता आलं पाहिजे. एवढंच सांगायचंय मला, बाकीचं पत्र म्हणजे म्हाताऱ्याची बडबड.

आपण पेनं करतो त्या एबोनाइटचंच बघ की. रबर आणि गंधक, कट सुरू झाला की वासच सांगतो. हे तापलं की स्टीलच्या सहापट तरी फुगतं. 13 मिमीचा तुकडा 30 अंशांनी तापला तर जवळपास 3 शतांश मिमी वाढला समज. आता तू काय करतोस, टूल बोथट झालंय तरी रेटतोस, गरम तुकड्यालाच व्हर्नियर लावतोस, माप आलं म्हणून खूश, आणि चहा पिऊन येईस्तोवर टोपण डगडगालंय. मग मलाच विचारतोस की माप तर बरोबर होतं. होतं की! तू थांबला नाहीस. बोट लाव, कोमट लागलं की थांब. उद्या बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणाच्या सीएनसीवर काम टाकशील तेव्हा हे त्या पोराला कोण सांगणार आहे, मशीन?

माझे उस्ताद बैलहोंगलकडचे, त्यांचं मराठी तोडकंमोडकं, माझं कन्नड त्याहून. दोन वर्षांत त्यांच्याकडनं एकच शब्द पक्का शिकलो, निधान. म्हणजे सावकाश. टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चुरा मोडला पाहिजे. बॅरलचं भोक एका बाजूनं बंद, तळ दिसत नाही, पण तळ यायच्या आधी आवाज बदलतो बघ, खर्रखर्र चाललेलं एकदम मुकं होतं आणि हँडल जड. तिथनं पुढे पाव फेरा जास्त दिलास तर आटे सोलून हातात येतात. माझं लक्ष नसलं की ते मागनं येऊन माझं मनगट धरायचे, काही न बोलता, कडं घातल्यागत. अजून तळ जवळ आला की मला तिथं त्यांची बोटं लागतात.

आणि हे ऐकून लगेच मशीनद्वेष्टा होऊ नको, ती चूक मी करून ठेवलीय. टोपणाचे आटे मी आजही विकतच्या ट्रिपल स्टार्ट डायनेच पाडतो, बाहेरनं आटे पाडायचं हत्यार ते. फेऱ्याला 0.8 मिमी सरकणारा साधा आटा 4 मिमी लांब पाडलास तर टोपण उघडायला पाच फेरे, गिऱ्हाईक सही करायचं विसरून जाईल. तीन तोंडांच्या आट्यानं पावणेदोन फेऱ्यांत काम होतं. त्यात कसला आलाय हातकामाचा अभिमान.

अभिमान मी दुसरीकडे मिरवला. थोरला भाऊ म्हणाला कर्ज काढू, मशीन घेऊ. मी म्हणालो राजमहेंद्रीला रत्नमची पेनं 1932 पासून हातानंच होतात की. तो म्हणाला ते रत्नम आहेत, तू कोण? तीन महिन्यांत वेगळे झालो. पुढे एका संस्थेची 60 पेनांची ऑर्डर आली, त्यातली 22 परत, का तर वाटपात टोपणं अदलाबदल झाली आणि एकाचं दुसऱ्याला बसेना. आता मला सांग, टोपण ज्याचं त्यालाच बसावं यात चूक काय आहे? पेन आहे का पाण्याची बाटली? एकेक टोपण त्या-त्या बॅरलवर फिरवून, आता घट्ट, आता जरासं, आता बास, असं बसवलंय मी... असो. पैसे बुडाले. भावाकडे आज सहा मशिनं आहेत, दिवाळीला त्याच्या घरनं फराळ येतो, तो येत नाही. तिथंही कुठंतरी थांबायला पाहिजे होतं मी, बोलताना.

तू तुझ्या त्या बारा बॅरल परत करू नको. त्यातली एक घे, शाई भर, आट्याला सिलिकॉन ग्रीस न लावता, निब खाली करून रात्रभर टिश्यूत उभी ठेव. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघ आणि मग मला मेसेज कर. नुसते फोटो नको पाठवू.

रविवारी ये. व्हर्नियर घरी ठेव. एबोनाइटचा रॉड आणशील तो पेपरात गुंडाळून आण, मागच्या वेळेसारखा गाडीच्या काचेखाली उन्हात टाकू नको, काळ्याचा हिरवट होतो तो. परवा माझ्याच हातनं एका बॅरलचे आटे सोलले, फोनवर बोलत होतो. टाकला नाही तो तुकडा, टेबलावर ठेवलाय, आलास की दाखवतो.

तुझा काका