‘अ‍ॅडजस्ट’मधला ‘जस्ट’

प्रश्न असा आहे : ‘अ‍ॅडजस्ट’ या इंग्रजी क्रियापदात ‘जस्ट’ म्हणजे ‘न्याय्य’ हा शब्द आहे का, आणि लोकलमधलं ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ हे इंग्रजीच्या हिशेबाने चूक म्हणायचं का? जाता जाता तिसरंही विचारलंय, की मराठीत याला काय म्हणावं.

‘जस्ट’ दिसतो, पण तो मुळातला नाही. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘युक्स्टा’ म्हणजे ‘शेजारी, लगत’. या दोहोंपासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ जवळ आणणं, लगत ठेवणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘अजोस्तेर’ झालं, म्हणजे जोडणं, एकत्र करणं. पुढे लोकांना त्यात ‘युस्टुस’, म्हणजे योग्य, न्याय्य, असा शब्द ऐकू येऊ लागला. मग अर्थही तिकडे कलला : नीट बसवणं, अचूक करणं. इंग्रजीत आज दुर्बीण, घड्याळ, खुर्चीची उंची ‘अ‍ॅडजस्ट’ करतात ती या कललेल्या अर्थाने.

त्याच ‘युक्स्टा’पासून इंग्रजीत ‘जाउस्ट’ही आला. घोड्यावर बसून, भाले रोखून एकमेकांच्या अंगावर जायचा तो मध्ययुगीन सरदारांचा खेळ. जवळ येणं दोन्हींत आहे. दादरला संध्याकाळची विरार फास्ट पकडणाऱ्याला हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

‘युक्स्टा’च्या मागे जो आदिम धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, मानतात तोच संस्कृत ‘युज्’च्या (जोडणं) मागे आहे. योग, युक्त, संयोग हे सगळे तिथलेच, आणि बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा. शासकीय मराठीत ‘अ‍ॅडजस्टमेंट’ला ‘समायोजन’ म्हणतात. तोही सम् आणि आ हे उपसर्ग लागलेला ‘युज्’च. हा प्रतिशब्द कुणी व्युत्पत्ती बघून केला असेल असं मला वाटत नाही, पण तो चुलतभावाच्या दारातच जाऊन उभा राहिला आहे. भांडुप-मुलुंडकडे महावितरणच्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ छापलेला असतो, तोच हा.

आता लोकल. तिघांच्या बाकावर चौथा येतो, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत बसतो, आणि म्हणतो, ‘थोडं अ‍ॅडजस्ट करा.’ लंडनमध्ये असं म्हटलं तर समोरचा विचारेल, काय अ‍ॅडजस्ट करू? तिथे या क्रियापदाला एक तर कर्म लागतं (आरसा, पट्टा, वेळ) किंवा ‘कशाशी’ ते सांगावं, निदान संदर्भातून कळावं लागतं : नव्या शहराशी, थंडीशी. दुसऱ्यासाठी आपण थोडं आखडून घ्यावं, हा अर्थ भारतीय इंग्रजीचा. म्हणून परदेशी पत्रव्यवहारात तो वापरू नये. पण डब्यात तो चूक म्हणणं मला पटत नाही. उलट लगत या, खेटून बसा हा शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ चौथ्या सीटवरच जिवंत आहे, हे आपलं माझं मत.

मराठीत आल्यावर या शब्दाने आणखी एक काम केलं. इंग्रजी क्रियापद आपण ‘करणे’ किंवा ‘होणे’ लावून चालवतो, आणि इथे त्या दोन्हींनी वेगवेगळे अर्थ वाटून घेतले. ‘ती सासरी अ‍ॅडजस्ट झाली’ म्हणजे रुळली. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. ‘तिने खूप अ‍ॅडजस्ट केलं’ म्हटलं की काहीतरी सोडावं लागलं, मन मारावं लागलं. शिवाय या दुसऱ्या वाक्यात कर्म नाही, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी. काय सोडलं ते वाक्य सांगतच नाही. ‘अ‍ॅडजस्ट करून घे गं’ असं सांगणाऱ्याला ते किती सोयीचं!

मराठी शब्द हवाच असेल तर एकच शोधू नका. डब्यात ‘सरकून घ्या’ किंवा ‘जरा आत सरका’. माणसांशी ‘जुळवून घेणं’. कमी पैशांत ‘भागवणं’. मनाविरुद्ध असेल तर ‘चालवून घेणं’. ‘तडजोड’ मी इथे घालणार नाही, कारण तीत दोन्ही बाजू थोडं थोडं मागे येतात आणि अ‍ॅडजस्ट बहुधा एकालाच करावं लागतं. यंत्राचं ‘जुळवणी’ने भागतं, खुर्चीला मात्र खुशाल अ‍ॅडजस्टच म्हणावं.

आणि पैशांच्या हिशेबात तर आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, तो हल्ली बोलण्यात कमी ऐकू येतो : ‘वळतं करणं’. घरमालक डिपॉझिटमधून थकलेलं भाडं ‘अ‍ॅडजस्ट’ करतो, तेव्हा तो ते वळतं करून घेतो.