बाग बंद करायचीच आहे तर नीट बंद कर

बाळा,

तुम्ही सगळ्यांनी मिळून भाजीची बाग केलेला प्लॉट मालक परत मागतायत, पण विरोध वगैरे काय करू नकोस. प्लॉट त्यांचा, उतारा त्यांच्या नावावर, इतकी वर्षं एक रुपया भाडं न घेता वापरू दिला, आणि आता पोराच्या घराचा पाया पावसाच्या आधी काढायचाय म्हणतात तर यात अन्याय कुठला आला सांग. तू ग्रुपवर 'बाग वाचवा' म्हणून जे चालू केलायस ते आजच थांबव. उद्या आपल्या बेळगावात, अनगोळात नाहीतर वडगावात कुणी असाच रिकामा प्लॉट मागायला गेलं की मालक लोक हेच बोलणार, एकदा दिला की परत मिळत नाही बाबा, आणि मग भाजी लावायला जागा कोण देणार आहे.

हां, लेआऊटच्या मंजूर नकाशावर ती जागा उद्यान नाहीतर खुली जागा म्हणून सोडलेली असती तर मी स्वतः तुझ्यासोबत महापालिकेत आलो असतो. त्यासाठी कर्नाटकाचा 1985 चा कायदाच आहे, उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागा राखायचा, तिथं भांडायला पाय असतो. एकदा बुडाच्या, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाच्या, ऑफिसात जाऊन नकाशा बघून ये, मनातली शंका जाईल. पण मला वाटतं ती साइट खाजगीच आहे, आणि तसं असेल तर तुझं काम आता एकच, बाग नीट उतरवायची. उभी करण्यापेक्षा ते अवघड असतं, कारण उभी करताना सगळे फोटोला येतात.

तू लिहिलायस की लोकांना इतक्यात सांगणार नाही, उगीच मनं मोडतील. हे चूक करूलास. ज्यानं कालच मिरचीचा तरू लावला त्याला महिन्यानं कळलं की तुला आधीच माहीत होतं, तर तो मिरचीवरनं नाही, तुझ्यावरनं भांडणार. येत्या रविवारी सगळ्यांना बोलव, मालकांनाही बोलव, त्यांच्या तोंडून तारीख येऊ दे. आणि नोटीस गेटवर मराठी-कन्नड दोन्हीत लाव. ग्रुपवर सगळं मराठीत चालतं नि मागच्या बोळातली कन्नड घरं गप्प बसतात, त्यांना वाटतं आपल्याला विचारलंच नाही. शिवाय त्यातली निम्मी म्हातारी माणसं फोन बघतच नाहीत, आणि खरं खुरपं तीच चालवतात. इथं भाषेवरनं काय काय होतं ते तुला मी सांगायला नको, निदान वांग्याच्या वाफ्यावरनं तरी नको व्हायला.

आता पिकाचं. आता माघ चाललाय, मालक अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करणार म्हणजे त्याच्या आधी पंधरा दिवस तरी जागा मोकळी पाहिजे, तेव्हा थोडा हात राखून पाडवा ही आपली शेवटची तारीख धर. वांगी, टोमॅटो, ढबू मिरची यांची नवी रोपं आता कुणाला लावू देऊ नकोस, लावल्यापासनं पहिली तोडणी यायलाच दोन-सव्वादोन महिने जातात, तोवर जेसीबी येईल. जी आधीची झाडं धरलेली आहेत ती चालू देत. रिकामे झालेले वाफे सगळे पालेभाजीला टाक, मेथी पंचवीस-तीस दिवसात निघते, पालक नि राजगिरा महिना-सव्वा महिन्यात, शिवरात्रीपर्यंत पेरलं तर दोन्ही हाताला लागतं. कोथिंबीर मात्र आत्ताच टाक, उशिरा टाकलीस तर फाल्गुनातल्या उन्हानं ती फुलावर जाते. आधीची कुठली फुलावर गेलेली असेल तर ती उपटू नको, धने धरू दे, बियाणं होईल.

बियाण्याचं खरं तर मला तुझ्याशी तासभर बोलायचंय पण थोडक्यात लिहितो. ज्या ज्या झाडाचं बी लोकांनी घरातनं आणलेलं, आजीच्या गावचं, खानापूरकडचं, ते धरायचं. पाकिटातलं हायब्रीड धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तसंच येईल याची खात्री नसते. वांगं झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, मग बी धुवून सावलीत वाळवायचं. टोमॅटोचं बी गराबरोबर दोन दिवस वाटीत आंबवायचं, वरचा बुळबुळीतपणा जातो, मग धुवायचं. भेंडी झाडावर वाळू दे. मिरचीचं जरा सांभाळून, चार जातीच्या मिरच्या शेजारी शेजारी असल्या तर संकर होतो, लवंगीचं बी म्हणून दिलेलं भलतंच निघतं आणि शिव्या तुला बसतात. कागदाच्या पुडीत राख घालून ठेव, पुडीवर कुणाच्या घरचं ते लिही.

खताचा खड्डा आजपासनं बंद, नवा कचरा टाकायचा नाही. आत आहे ते चाळव, ओलं ठेव, तीन महिन्यात होतंय, पाडव्यापर्यंत नव्वद टक्के तरी होईल, राहिलेलं पोत्यात घरी कुजतं. गांडुळं काढायची तर बाजूला शेणाचा ताजा ढीग करून ओला ठेव, आठवड्याभरात आपणहून तिकडं सरकतात, मग बुट्टीत भरून ज्याला पाहिजे त्याला दे. उघड्यावर उन्हात ठेवलीस तर मरतात.

मातीबद्दल मालकांना आधीच विचार. तांबडी माती होती ती, पहिल्या वर्षी कुदळ आपटली की ठिणगी उडायची, आता वरची वीतभर काळसर नि भुसभुशीत झालीय ती तुमच्या शेणखतानं नि पालापाचोळ्यानं. पाया काढताना ती ट्रॅक्टरमधनं कुठल्यातरी खड्ड्यात जाणार. मालक नाही म्हणणार नाहीत, पण न विचारता पोती भरू नकोस, जमिनीबरोबर माती पण त्यांचीच असते.

झाडं. शेवग्याच्या हाताएवढ्या जाड फांद्या तीन-चार फुटाच्या तोडून कुठंही रोव, लागतात. कढीपत्त्याच्या बुडातनं जी पिल्लं आलीत ती मुळासकट काढ. पपई हलवायच्या नादाला लागू नको, जगत नाही. पेरू लहान असेल तर मातीच्या गोळ्यासकट काढता येतो पण उन्हाळ्यात रोज पाणी देणारा माणूस आधी शोध. आणि कोपऱ्यातलं ते मोठं झाड, ते तुम्ही नाही लावलेलं, आधीपासनं आहे, त्याला हात लावायचा नाही. कर्नाटकात झाड तोडायला 1976 च्या कायद्याखाली वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते, ते मालकांचं काम आहे, तुमच्यातल्या कुणी उत्साहानं कुऱ्हाड आणली तर लफडं तुझ्या गळ्यात.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहूलोय ते. बोअर.

मोटर नि पाईप सभासदांच्या वर्गणीतनं बसवलेत, त्यामुळं कुणीतरी म्हणणारच की मोटर काढून विकूया, पैसे वाटूया. मोटर काढली की खाली काय राहतं, सहा इंचाचं उघडं भोक, आणि मध्ये महिनाभर तिथं कुणीच नसणार, गेट उघडं, सुट्टीतली पोरं बॉल आणायला आत येणार. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी अशाच बोअरमध्ये पडली, माणसं दोन दिवस खणत होती, वाचली नाही. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगून ठेवलंय की सोडून दिलेली बोअर माती, वाळू, खडी घालून तळापासनं जमिनीपर्यंत भरायची, आणि वापरात असली तरी तोंडाला लोखंडी झाकण वेल्डिंग करून नाहीतर बोल्टनं पक्कं बसवायचं. तेव्हा माझं ऐक, मोटर काढूच नको. मालकांना बांधकामाला पाणी लागणारच आहे, त्यांना मोटर-पाईप ठरवून विका, दुकानातनं जुन्या मोटरची किंमत काढून आणा, भाव थोडा कमी आला तरी चालेल. नको म्हणाले तर मोटर काढायची त्याच दिवशी, त्याच तासाला वेल्डर उभा पाहिजे. वर दगड ठेवलाय, पत्रा टाकलाय असलं मला सांगू नको.

ड्रमचं पण तसंच. माणसं यायची बंद झाली की ड्रम भरलेले तसेच राहतात, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो नि आठ-दहा दिवसात नवे डास तयार. ज्या दिवशी एखाद्या वाफ्याचं पाणी बंद त्या दिवशी त्याचा ड्रम पालथा.

पैशाचं तुझं तू बघशील. हेस्कॉमच्या वीज मीटरचं डिपॉझिट कुणाच्या नावावर आहे ते शोध, टँकरवाल्याची उधारी आधी भाग, मग शिल्लक किती ते कागदावर लिहून गेटवर लाव. तुम्ही साधा ग्रुप आहात म्हणून वाटून घेता येतं, सोसायटी म्हणून रजिस्टर केली असती तर शिल्लक सभासदात वाटता आली नसती. रोज येणाऱ्याला जास्त नि न येणाऱ्याला कमी असला हिशोब काढू नकोस, मोजायचं कुणी नि कसं, त्यात शिल्लक राहील ती फक्त भांडणं. मात्र खुरपी, विळे, झारी ही हत्यारं ज्यांनी वापरली त्यांनाच दे, हे मी बिनदिक्कत सांगतो.

पुढं दुसरी जागा मिळाली तर, आणि तुझा स्वभाव बघता तू शोधणारच, तर पहिल्या दिवशी मालकाशी एका कागदावर दोन ओळी कर, जागा किती महिन्यांच्या नोटिशीवर परत द्यायची एवढंच. सहा महिने माग, चारवर तुटतं, एक पीक निघतं. प्रत्येक घराला आपापला वाफा दे, सगळं सामायिक ठेवलंस की तिघं राबतात नि तीस जण कोथिंबीर नेतात, तुझं झालंच की तसं. पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही तर वाफा पुढच्याला, मग तो कितीही जवळचा असू दे. आणि पाणी. मार्च-एप्रिलमध्ये राकसकोप धरण खाली गेलं नि नळाला चार-पाच दिवसाआड पाणी आलं की बागेला पाईप लावलेला बघून शेजारी चिडणारच, बरोबरच आहे त्यांचं, तेव्हा जुनी विहीर असलेली जागा बघ, आपल्याकडं पडीक विहिरी काय कमी नाहीत. नाल्याकाठची स्वस्तातली जागा कुणी दाखवली तर घेऊ नको, नाल्याचं पाणी पालेभाजीला नको नि पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की काय होतं ते येळ्ळूर रोडवरच्या शेतकऱ्याला विचार.

लगेच पुढच्या महिन्यात मात्र नवी बाग काढू नको. तू दमलायस, लिहिण्यावरनं कळतंय.

रविवारची मिटिंग झाली की कोण काय बोललं ते रात्री फोन करून सांग. मालकांशी मोटरचं बोलणं होईपर्यंत बोअरच्या पाईपला कुणाला हात लावू देऊ नको, आणि वेल्डरचा नंबर माझ्याकडं आहे, मागून घे.

काका