फोम बोर्डची गेममधली तलवार वाकते, स्प्रे मारला की विरघळते. काय करू?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, माफ करा. दापोलीत राहता, मुलाला फॅन्सी ड्रेससाठी झेल्डा या व्हिडिओ गेममधली मास्टर सोर्ड ही तलवार हवी, बोर्ड कापून चंदेरी स्प्रे मारलात तर कडा खड्डे पडून विरघळल्या आणि उरलेलं पातं दोन दिवसांत वाकलं. मी कुडाळकडचा. माझी पहिली तलवार मे महिन्यात झाली आणि पाऊस लागल्यावर अशी वळली की शेजारच्या काकांनी विचारलं, "ही तलवार काय कोयतो रे?"

विरघळण्याचं कारण सोपं आहे. फोम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे पॉलिस्टायरीनचा फोम, थर्मोकोलचा सख्खा भाऊच. थर्मोकोलवर पेट्रोल पडलं की काय होतं ते आपण लहानपणी सगळ्यांनी करून बघितलंय. स्प्रेच्या डब्यातला थिनर तेच करतो. वर कागद असतो तिथे तो जरा अडतो, पण कापलेली कड उघडी असते, म्हणून खड्डे तिथेच पडतात. चप्पल चिकटवायचा तो पिवळा रबरी गोंदही त्यामुळेच चालत नाही. फेव्हिकॉल वापरा आणि रंग पाण्यातला, अ‍ॅक्रिलिक. (दुकानदार फोम बोर्ड म्हणून कधीकधी सनबोर्ड देतो. तो पीव्हीसीचा असतो, दमट हवेला दाद देत नाही, पण त्याची कड टणक. पोरं एकमेकांना हाणणारच, म्हणून मी टाळतो.)

खरी अडचण वाकण्याची, आणि आपल्याकडे तीच मोठी. एका बाजूला रंग लावला की तो कागद भिजून फुगतो, सुकताना आक्रसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. त्यात समुद्राची हवा. बहुतेक जण नक्षी आणि रंगावर चार दिवस घालवतात, आतल्या कण्याचा विचारच करत नाहीत. माझं मत विचाराल तर तलवार कण्यावर उभी राहते, बाकी सगळं शोभेचं.

म्हणून पातं सपाट एका बोर्डाचं करू नका. ए-2 आकाराचा 5 मिलिमीटरचा बोर्ड घ्या, त्याची लांब बाजू 59.4 सेंटिमीटर असते. त्यात 55 सेंटिमीटरचं पातं बसतं. वर 20 सेंटिमीटरची मूठ धरली तर दहा वर्षांच्या पोराला पुरते. पात्याचे दोन सारखे तुकडे कापा. कटरचं पान नवं हवं आणि एका दमात कापायचं नाही, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवायचं. बोथट पान फोम फाडतं, मग कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. आता प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला मधोमध, मुळापासून टोकापर्यंत, व्ही आकाराची अरुंद खाच काढा. बाहेरचा कागद अजिबात कापायचा नाही. तुकडा खाचेवर दुमडलात की बाहेर सरळ, स्वच्छ धार उठते, खऱ्या पात्याला असते तशी. दोन्ही तुकड्यांच्या कडा आतून तिरक्या तासून एकमेकांना चिकटवल्या की मधे पोकळी राहते. त्या पोकळीत बांबूची कामठी घाला, मुठीतून आरपार पात्याच्या टोकाजवळपर्यंत. कामठी वाळलेली हवी. ओली घातलीत तर तीच वाकते आणि तलवारीला सोबत नेते, हेही मी करून चुकलोय.

सगळ्या कडांवर कागदाच्या पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवा आणि वरून पातळ फेव्हिकॉलचे दोन हात, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. पावसाळ्यात एका रात्रीत सुकेल ही आशा सोडा. पंख्याखाली दोन दिवस टांगून ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत नको, फोम मऊ पडतो.

रंगाची एक युक्ती सांगतो. चंदेरी रंग सरळ लावला की खेळणं वाटतं. आधी काळा द्या आणि पूर्ण सुकल्यावर 8बी पेन्सिलीची पूड बोटाने घासा. लोखंडाची झाक येते, विशेषतः मधल्या धारेवर. हाताला लागते, म्हणून मुठीवर नको. मूठ तशीही या तलवारीची निळी-जांभळी असते. पात्यावरची त्रिकोणांची खूण पातळ पुठ्ठ्याची वेगळी चिकटवा, कोरत बसू नका. जत्रेत दशावतारी नटाची तलवार एकदा हातात घेऊन बघितली होती: लाकडाची पट्टी आणि वर चंदेरी कागद, बस्स. दहा हातांवरून मात्र तिची भीती वाटायची. शाळेच्या स्टेजचंही तेच गणित.

दिवस कमी असतील तर पोराला माइनक्राफ्ट या दुसऱ्या गेमच्या तलवारीवर राजी करा. गेममधलं तिचं चित्र 16 बाय 16 चौकोनांचं. एक चौकोन 4 सेंटिमीटरचा धरला तर तिरकी तलवार जवळजवळ 90 सेंटिमीटरची होते, सगळे काप सरळ, धार उठवायची भानगड नाही. पण दोन बोर्ड एकमेकांवर चिकटवा आणि मधे कामठी तिलाही हवीच.

टोक दोन्हींचं गोल ठेवा. आणि नेताना एसटीच्या वरच्या रॅकवर टाकू नका, मुलाच्या हातातच द्या. माझ्या भाच्याच्या तलवारीवर कणकवलीला कोणीतरी नारळाची पिशवी ठेवली होती.