भाडोत्री गुप्तहेर की खबऱ्या?

प्रश्न असा आला आहे: "'स्टार वॉर्स'मधल्या पात्रांची मुलांना मराठीतून ओळख करून देणारी छोटी टिपणं लिहिते आहे. गॅरिंडनपाशी अडले. मी त्याला 'रहस्यमय परग्रहवासी भाडोत्री गुप्तहेर' म्हटलंय. अर्थ बरोबर आहे, पण वाचताना दाताखाली खडा यावा तसं होतं. चुकतंय कुठे?"

ज्यांना हा गॅरिंडन आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1977च्या पहिल्या चित्रपटात नायक ल्यूक आणि त्याचा गुरू ओबी-वॉन मॉस आयस्ली नावाच्या बंदराच्या गावात येतात, हान सोलो नावाच्या वैमानिकाचं यान ठरवतात आणि गाडी विकून पैसे उभे करतात. तिथून गोदी क्रमांक 94कडे निघाल्यावर एक आकृती त्यांच्या मागे लागते. काळा झगा, डोक्यावर टोपडं, डोळ्यांवर काळे गॉगल आणि पुढे लोंबणारी सोंडेसारखी नाकाड. गोदी कुठली ते बघून तो हातातल्या यंत्रावर काहीतरी गुणगुणतो आणि पाठोपाठ साम्राज्याचे शिपाई तिथे येऊन थडकतात. त्याचं काम एवढंच. चित्रपटात कुणी त्याचं नावही घेत नाही, ते पुढे मिळालं.

आता शब्दाकडे येऊ. मला विचाराल तर हा माणूस (माणूस म्हणायची सवय सुटत नाही) हेर नाही आणि गुप्तहेर तर नाहीच. तो खबऱ्या आहे. आपल्याकडे हा शब्द इतका रोजच्या वापरातला आहे की अंतराळातल्या गोष्टीसाठी तो सुचतच नाही. काहीतरी भारदस्त हवं असं वाटतं आणि मग विशेषणांची रांग लागते.

हेर आणि खबऱ्या यांच्यातला फरक नीट बघण्यासारखा आहे. हेर हा शब्द हेरणे या क्रियापदाशी जोडलेला. गर्दीतून नेमकं माणूस हेरणं, संधी हेरणं, कच्चा दुवा हेरणं, यात नजरेचं कसब आहे. संस्कृत कोशांतही हेरिक हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे. हेराला कुणीतरी पाठवलेलं असतं. तो आपला मुलूख सोडून दुसऱ्याच्या मुलखात शिरतो, वेष पालटतो, भाषा शिकतो आणि बातमी घेऊन परत येतो. त्याच्यामागे राज्य असतं आणि त्याची निष्ठा त्या राज्याशी असते. म्हणून बहिर्जी नाईकांना आपण हेर म्हणतो, स्वराज्याच्या हेरखात्याचे प्रमुख म्हणतो. त्यांना कुणी खबऱ्या म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटेल, आणि उमटायलाच हवी.

खबऱ्याला कुणी कुठे पाठवत नाही. तो तिथेच असतो, त्याच गल्लीत, त्याच गुत्त्यावर. त्याला सगळे ओळखतात किंवा निदान कुणी हटकत नाही, हेच त्याचं भांडवल. बातमीमागे पैसे मिळतात, त्यापलीकडे देणंघेणं नाही. पोलिसांच्या कागदोपत्री भाषेत त्याला 'गुप्त बातमीदार' म्हणतात. 'गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचला' हे वाक्य वर्तमानपत्रात तुम्ही अनेकदा वाचलं असेल. गॅरिंडनच्या प्रसंगात हेच घडतं, फक्त पोलिसांच्या जागी पांढऱ्या चिलखतातले शिपाई आहेत. माग काढला, ठिकाण पाहिलं, टीप दिली.

खबऱ्या म्हटलं की 'पैसे घेऊन' हे वेगळं सांगावं लागत नाही, ते त्या शब्दातच बसलेलं आहे. फुकटात सांगणाऱ्याला आपण खबऱ्या म्हणत नाही, चहाडखोर म्हणतो. म्हणजे 'भाडोत्री' तिथेच गळून पडतो.

तसाही भाडोत्री हा शब्द इथे नीट बसत नाही. भाडोत्री सैनिक, भाडोत्री मारेकरी, भाडोत्री गुंड, सभेला आणलेली भाडोत्री गर्दी, या सगळ्यांत मोबदला देऊन आणलेलं बळ आहे, आणि त्यात तिरस्कार पुरेपूर भरलेला आहे. शिवाय अनेक घरांत भाडोत्री म्हणजे अजूनही वरच्या मजल्यावर राहणारं बिऱ्हाड. सुपारीचा विचार तुमच्या मनात आला असेलच. तमाशाचा फड सुपारी घेतो, बँडवाले घेतात, कार्यक्रमांचे निवेदकही घेतात, त्यामुळे एका कामापुरता ठराव हा अर्थ त्यात चोख आहे. पण माणसाबद्दल 'सुपारी घेतली' म्हटलं की वाचकाला खूनच दिसतो. गॅरिंडन कुणाला मारत नाही, तेव्हा सुपारी नको.

फितूरही नको. हा शब्द मी मुद्दाम काढला, कारण असल्या पात्रांसाठी तो सर्रास वापरला जातो. फितूर व्हायला आधी एक बाजू असावी लागते. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी केली तर फितुरी. गॅरिंडनने ल्यूकचं काही खाल्लेलं नाही. त्याने फसवलं कुणालाच नाही, फक्त बघितलेलं विकलं.

गुप्तहेरबद्दल माझी जरा जुनी तक्रार आहे. एक तर हेर गुप्तच असतो. दुसरं म्हणजे मराठीत हा शब्द दोन कामं करतो: परराज्यात पाठवलेला हेरही गुप्तहेर, आणि खुनाचा तपास लावणारा, पाइप ओढणारा रहस्यकथेतला हुशार गृहस्थही गुप्तहेरच. मुलांसाठी लिहिताना हा घोळ जास्त अडचणीचा आहे. 'भाडोत्री गुप्तहेर' वाचून एखादं मूल असं समजेल की हा पैसे घेऊन चोऱ्या शोधून देतो.

जुन्या कागदांतले शब्द मोहात पाडतात, पण जपून वापरावेत. जासूद हा अरबी जासूसचाच भाऊ, तरी पेशवाईतल्या पत्रव्यवहारात तो बहुतेक वेळा पत्रं पोचवणारा म्हणून भेटतो. जासुदांची जोडी रवाना केली असे उल्लेख येतात. हरकाराही तसाच. नजरबाज, म्हणजे टेहळणी करणारा हेर, हा शब्द मला फार आवडतो, त्यात डोळे दिसतात. पण आजच्या मुलांना तो आधी समजावून सांगावा लागेल.

सगळ्यांत श्रीमंत कोठार मात्र कौटिल्याचं आहे. अर्थशास्त्रात हेरांना गूढपुरुष म्हटलं आहे आणि त्यांच्या जाती नावानिशी सांगितल्या आहेत: शिष्याच्या रूपातला कापटिक, बैराग्याच्या रूपातला तापस, व्यापाऱ्याच्या रूपातला वैदेहक, विष घालणारा रसद, आणि पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र जनावराशीही झुंजायला तयार असलेला तीक्ष्ण. यातला तुमच्या कामाचा शब्द आहे उभयवेतन. दोन्हीकडून पगार खाणारा. राजाने आपली माणसं शत्रूच्या चाकरीत घुसवायची, तिथला पगारही त्यांनी घ्यायचा, आणि त्यांची निष्ठा डळमळू नये म्हणून त्यांची बायकामुलं राजाने आपल्या ताब्यात ठेवायची, अशी ती व्यवस्था. गॅरिंडन उभयवेतन नाही, पण अंतराळगाथांमध्ये अशी पात्रं पैशाला पासरी असतात. पुढच्या एखाद्या टिपणात हा शब्द जरूर वापरा आणि त्याची गोष्टही सांगा. मुलांना आवडेल.

'परग्रहवासी'त वेगळाच पेच आहे. पर म्हणजे दुसरा. पण कुणापेक्षा दुसरा? परग्रहवासी म्हणताना आपण पृथ्वीवर उभे असतो. या कथेत पृथ्वीच नाही. मॉस आयस्लीच्या गुत्त्यात जमलेले नाना तऱ्हेचे जीव एकमेकांना परग्रहवासी म्हणत नाहीत, आणि त्या गर्दीत ल्यूकसारखा माणूस म्हणजे अनेक जातींपैकी एक. पृथ्वीवर कुणी उतरतं अशा कथेत परग्रहवासी चपखल बसतो. इथे जातीचं नाव सांगावं: गॅरिंडन कुबाझ जातीचा आहे. माणूस नाही हे सांगायचंच असेल तर 'मानवेतर' आहे, पण सोंडेचं वर्णन केलंत की त्याचीही गरज उरत नाही.

राहिला 'रहस्यमय'. हे विशेषण सांगून काही होत नाही, दाखवावं लागतं. याच चित्रपटातला ग्रीडो हा दुसरा मानवेतर बोलतो तेव्हा पडद्यावर त्याच्या बोलण्याचा अर्थ उमटतो. गॅरिंडनची गुणगुण तशीच सोडून दिली आहे, तो काय म्हणतो ते आपल्याला कळत नाही. गंमत अशी की ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी तो आवाज यंत्रातून काढताना मुळात जॉन वेन या अमेरिकी नटाचा आवाज वापरला होता. ना नाव, ना चेहरा, ना समजेल अशी भाषा. एवढं लिहिलंत की गूढ आपोआप उभं राहतं.

तुमच्या टिपणात 'स्पेस ऑपेरा'साठी, म्हणजे अंतराळातल्या साहसकथांसाठी, 'अंतराळ संगीतिका' हा शब्द दिसला, तो मात्र काढाच. स्पेस ऑपेरातल्या ऑपेराचा गाण्याशी संबंध नाही. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ मालिकांना अमेरिकेत सोप ऑपेरा म्हणत, त्या चालीवर विल्सन टकर या लेखकाने 1941मध्ये हा शब्द काढला, तोही रटाळ अंतराळकथांना नावं ठेवण्यासाठी. पुढे त्यातला हिणकसपणा गेला. मराठीत 'अंतराळगाथा' म्हणा किंवा सरळ 'स्पेस ऑपेरा' ठेवा.

मी असं लिहीन: "गॅरिंडन हा मॉस आयस्लीतला खबऱ्या. जातीने कुबाझ, लांब सोंडेचा. गॉगल आणि टोपड्यामुळे त्याचा चेहरा कधी दिसत नाही आणि त्याची गुणगुण कुणाला कळत नाही. जो पैसे मोजेल त्याच्यासाठी तो कुणाचाही माग काढतो. ल्यूक आणि ओबी-वॉनचा ठावठिकाणा साम्राज्याच्या शिपायांना त्यानेच कळवला." मराठीत विशेषणं एका नामाच्या डोक्यावर रचण्यापेक्षा क्रियापदांना वाटून दिली की वाक्य मोकळं होतं. काढतो, मोजेल, कळवला, यांनीच काम भागलं.

टंकताना एक जपा. शब्द खबऱ्या आहे, खबर्या नव्हे. त्या र चा उच्चार निसटता आहे, त्याच्या आधीच्या ब वर आघात येत नाही. आचाऱ्यांना जेवायला बोलावणं आणि आचार्यांना बोलावणं यात जो फरक, तोच इथे. विभक्ती लागतानाही खबऱ्याने, खबऱ्याला, खबऱ्यांकडून असंच चालतं.