तीन टीम आणि एकच टेक्निकल रायटर: स्प्रिंटमध्ये डॉक्युमेंटेशनचा माग कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन टीमसाठी तुम्ही एकटे रायटर, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे), मग डॉक्युमेंटेशनला वेगळा बोर्ड (कामांचा फळा) करावा की डेव्हलपरच्या स्टोरीखाली (एका फीचरच्या कामाच्या नोंदीखाली) सबटास्क (उपकामं) टाकावेत?

मी इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत हेच काम करते. (रोजची स्टँडअप बैठक हिंदीत, मॅन्युअल इंग्रजीत, चिडचिड मराठीत.) माझं मत, दोन्ही नको. डॉकचं तिकीट (कामाची नोंद) स्वतंत्र करा, ज्या त्या टीमच्याच बोर्डावर ठेवा आणि मूळ स्टोरीला लिंक करा.

जिरामध्ये (कामांचा माग ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सबटास्क आपल्या स्टोरीच्याच स्प्रिंटमध्ये राहतो, त्याला एकट्याला उचलून पुढच्या स्प्रिंटमध्ये नेता येत नाही. इकडे स्क्रीन शेवटच्या दिवसांपर्यंत बदलत असते, बटणावरचा मजकूर डेमोच्या आदल्या संध्याकाळी ठरतो. मग एक तर तुमच्यापायी अख्खी स्टोरी उघडी राहते, नाहीतर कोणीतरी गुपचूप सबटास्क 'डन' करून टाकतो. दुसरंच जास्त वेळा होतं. वेगळ्या बोर्डाचं दुखणं निराळं: तो तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही. तिन्ही टीमची तिकिटं एकत्र बघायला स्वतःपुरता एक फिल्टर पुरतो.

पण सगळ्यात कामाला येतं ते एक साधं फील्ड. प्रत्येक स्टोरीवर 'डॉकवर परिणाम: आहे / नाही' असं लावून घ्या आणि ते सुरुवातीला कोरंच राहू द्या. अ‍ॅडमिन सोय म्हणून 'नाही' भरून ठेवायला निघेल, त्याला थांबवा. 'नाही' म्हणजे कोणीतरी विचार केला. कोरं म्हणजे कोणी केलाच नाही. प्लॅनिंगमध्ये प्रॉडक्ट ओनरने (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने) ते भरायचं. रिलीजच्या आठवडाभर आधी त्या फिक्स व्हर्जनमधल्या (त्या रिलीजला नेमलेल्या) कोऱ्या फील्डच्या स्टोऱ्यांची यादी काढून चॅनेलवर टाका. कोणाचं नाव घ्यायची गरज पडत नाही. यादीत कोणाच्या स्टोऱ्या आहेत ते सगळ्यांना दिसतंच.

तिकिटाला तीन अवस्था तरी ठेवा: माहितीची वाट, लिखाण, तपासणी. 'लिखाण' सहसा लवकर उरकतं. तिकिटं कुजतात ती बाकीच्या दोघांत. मॅनेजरनी 'डॉक उशिरा का?' विचारलं की हेच दाखवायचं. तपासणाऱ्याचं नाव तिकीट करतानाच लिहून घ्या, 'टीम' असं लिहिलं तर कोणीच तपासत नाही. तुमचे पॉइंट (कामाच्या अंदाजाचे आकडे) मात्र टीमच्या व्हेलॉसिटीत (एका स्प्रिंटमध्ये उरकलेल्या पॉइंटांच्या बेरजेत) मिसळू देऊ नका, दोन्ही आकडे निरर्थक होतात.

एपीआय रेफरन्स (इतर प्रोग्रॅमनी आपलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची माहिती) किंवा कॉन्फिगरेशनची पानं गिटमध्ये (कोड ठेवतात तिथे) मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये) असतील तर तिकिटाच्या भानगडीत पडूच नका. कोडच्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडचा बदल मंजुरीला पाठवतात त्यात) तो बदल मागा. रिलीज नोट्स आणि अपग्रेड गाइड यांना मात्र स्वतःची स्टोरी हवी, कारण ते कोणत्याच एका फीचरचे नसतात.

'अ‍ॅजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसतं' म्हणणारा एक प्रत्येक टीममध्ये असतो. अ‍ॅजाइलच्या (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या) 2001 च्या जाहीरनाम्यात चालत्या सॉफ्टवेअरला सविस्तर कागदपत्रांहून जास्त मोल दिलंय खरं, पण उजवीकडच्या गोष्टींनाही (म्हणजे कागदपत्रांसारख्या, कमी मोलाच्या बाजूला लिहिलेल्या) मोल आहे हे तिथेच पुढे लिहिलंय. त्याला ती ओळ पाठवा.

तिन्ही स्टँडअपना मात्र जाऊ नका, सकाळ त्यातच जाते. प्लॅनिंग आणि डेमो चुकवू नका, बाकीचं लिंक केलेल्या तिकिटांवरून कळतं.